सासऱ्यांच्या सुटकेची खिडकी

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या राहत्या घराला भगदाड पाडून बघावं. बायको, शेजारी आणि गाव यांच्याबद्दलचे आपले सगळे गैरसमज एका पावसात धुऊन निघतात. मी पाडलं, आणि तेही अशा माणसासाठी, ज्याला ते अजिबात नको होतं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, ॲल्विन ट्वेट. जन्मभर बटाटे आणि साखरेचं बीट पिकवलेलं. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, ती फक्त चर्चमध्ये आणि जेवताना उतरते. आमच्या लग्नापासून आम्हा दोघांत बोलायला एकच विषय होता, हवामान. तो आम्हाला पुरायचा. मिनेसोटात हवामान भरपूर आहे.

माझ्या सासूबाई, इनेझ, पानगळीच्या दिवसांत गेल्या. मार्चमध्ये सासरे शेतावरच्या घरात स्वयंपाकघरात पडले आणि तसेच पडून राहिले. टपालवाल्याने खिडकीतून पाहिलं म्हणून कळलं. फोन त्यांच्या खिशातच होता.

"डॅड, मग फोन का नाही केलात?" माझी बायको लिनेट रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुम्ही कामात असाल म्हटलं."

त्याच दिवशी लिनेटने ठरवलं, आता एकटं राहणं बंद, आमच्याकडे यायचं. सासऱ्यांनी अट घातली. "येतो. पण कुणाची खोली घेणार नाही. तळघरात राहीन."

"तळघरात काय राहायचं, डॅड?"

"बटाटे राहतात. मला काय झालं?"

आता आमचं तळघर काही बटाट्यांचं नाही. खाली भिंतींना लाकडी तक्तपोशी आहे, गालिचा आहे, छोटं न्हाणीघर आहे, आणि आधीच्या मालकाने बांधलेला एक दारूचा कट्टा आहे, ज्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. खिडकी म्हणाल तर छताला चिकटून एक चीर. तिच्यातून मांजर बाहेर पडेल, पण तेही दोनदा विचार करून.

लिनेटला सरळ माणसासारखं वागायची खोड आहे. तिने जिन्याच्या कठड्याबद्दल विचारायला नगरपालिकेत फोन केला, आणि बोलता बोलता सांगून टाकलं की खाली वडील झोपणार आहेत. तिकडे शेरिल प्रोखास्का नावाच्या निरीक्षक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आग लागली तर बाहेर पडायला खिडकी आहे?"

"जिना आहे ना."

"जिन्यातच आग असली तर? खिडकी नाही तर ती झोपायची खोली नाही. तिथे टीव्ही बघता येईल. झोपता येणार नाही."

"आणि टीव्ही बघता बघता झोप लागली तर?"

"तो तुमचा प्रश्न, मॅडम."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी गारपिटीचा विमा विकतो. लोकांना निरभ्र आकाश दाखवून घाबरवणं हा माझा धंदा आहे. आणि अशा माणसाच्या घरात संकटाची सोय नाही, हे नगरपालिकेच्या बाईने माझ्या बायकोला सांगावं! ते मला लागलं. मी म्हटलं, "करून टाकू खिडकी. त्यात काय आहे? भिंतीला एक भोक."

हे वाक्य मी अंगणात उभा राहून बोललो, ही पहिली चूक. कुंपणापलीकडे ड्वेन होता.

ड्वेन हा आमचा शेजारी. साखर कारखान्यातून निवृत्त झाला, आणि तेव्हापासून सगळ्या गावाचं काम त्याच्यावर येऊन पडलं आहे. हातात कॉफीचा मग, आणि तो कधी रिकामा होत नाही. तो कुंपणाशी आला. "उत्तरेला घेणार असशील तर घे बापडा. बर्फ सगळा तिथे साचतो."

"पूर्वेला घेतो मग."

"पूर्वेला घे. पावसाचं पाणी तिकडूनच उतरतं, पण घे."

"दक्षिणेला?"

"दक्षिणेला तुमच्या लिनेटची पिओनीची फुलं आहेत." त्याने शांतपणे घोट घेतला. "मी काही बोलत नाही. घर तुझं आहे."

आमच्याकडे "मी काही बोलत नाही" याचा अर्थ, पुढे जे होईल ते मी खुर्ची टाकून बघणार आहे.

चर्चच्या ओळखीने क्लिंट नावाचा कंत्राटदार मिळाला. माणूस आडदांड आणि गोड. त्याने पूर्वेची भिंत टकटक वाजवून पाहिली, गवतावर चार खुंट्या ठोकल्या, आणि खणण्याआधी जमिनीखाली काय काय आहे ते बघणाऱ्यांना बोलावलं. ते आले आणि गवतावर पिवळे, निळे, नारिंगी पट्टे मारून, जागोजागी झेंडे रोवून गेले. आमचं अंगण एखाद्या हरलेल्या लढाईच्या नकाशासारखं दिसू लागलं. गॅसची नळी बरोबर क्लिंटच्या चार खुंट्यांच्या मधून गेली होती.

"थोडी सरकवू," क्लिंट म्हणाला.

खिडकी थोडी सरकली ती आतून थेट दारूच्या कट्ट्यामागे आली. कट्टा काढावा लागला. कट्टा काढल्यावर कळलं की तक्तपोशी त्याच्याच आधाराने उभी होती. तक्तपोशी काढल्यावर तिच्यामागची बुरशी दिसली, आणि बुरशी बघून क्लिंटने टोपी काढली, मेलेल्या माणसाला बघून काढतात तशी.

एवढ्यात सासऱ्यांच्या शेतावर भाडेकरू लवकर यायचे ठरले, म्हणून सासरे खिडकीच्या आधीच येऊन पोहोचले. बरोबर एक बॅग आणि त्यांची मागे रेलणारी खुर्ची. खुर्ची आम्ही बैठकीच्या खोलीत ठेवली, "दोन दिवसांपुरती". ते तिच्यात बसले आणि खाली चाललेली ठोकाठोक ऐकू लागले. दर ठोक्याला त्यांची टोपी थोडी हलायची.

भिंत कापायचा दिवस उजाडला. त्याच दिवशी वरती चर्चच्या बायकांचं मंडळ जमणार आहे हे लिनेटने मला सांगितलं होतं म्हणे. तिने सांगितलं असेलही. क्लिंटने करवत सुरू केली. काँक्रीट कापायच्या करवतीचा आवाज कसा असतो? दात काढताना डोक्यात होतो तो, पण घराचे दात. आणि मग जिन्यातून धूळ वर आली. राखाडी, पिठासारखी, कुठेही न थांबणारी. वरती बायका लिंबाच्या वड्या आणि कॉफी घेत होत्या. मी धावत वर गेलो तर सगळ्या तशाच बसलेल्या, केस, भुवया, मांडीवरच्या बश्या, सगळं एका रंगाचं. सगळ्यात वडीलधाऱ्या बाईंनी वडीचा तुकडा गिळला आणि त्या म्हणाल्या, "वेगळीच चव आहे, लिनेट."

आमच्याकडे "वेगळीच" याहून कडक शिवी नाही. लिनेट त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. क्लिंटशी मात्र गोड बोलली, आणि जाताना त्याला उरलेल्या वड्याही बांधून दिल्या.

त्या वड्या घेऊन क्लिंट जो गेला तो गेलाच. तळ्यावर वॉलआय मासे धरायचा मोसम उघडला होता. मिनेसोटात मोसम उघडला की लग्नं पुढे ढकलतात, मग माझ्या भिंतीची काय कथा! भिंतीला दारासारखं भोक, बाहेर माणूसभर खोल खड्डा, आणि मध्ये एक निळी ताडपत्री. इकडे या खड्ड्याला "खिडकीची विहीर" म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असावं.

कारण मग पाऊस आला. आमची जमीन चिकणमातीची, पाणी पीत नाही, नुसतं धरून ठेवते, आमच्या लोकांसारखं. विहीर भरली. ताडपत्री आधी फुगली, मग तिने मान टाकली. मी बादल्या घेऊन उपसत होतो, लिनेट गालिचा गुंडाळत होती, आणि विहिरीच्या काठावर छत्री घेतलेला ड्वेन उभा होता.

"मी काही बोलत नाही," तो वरून म्हणाला.

"नकोच बोलू!"

"फक्त पूर्वेचं पाणी म्हटलं होतं."

संध्याकाळी पाणी उतरलं. मी चिखलाच्या मोज्यांनी स्वयंपाकघरात येऊन बसलो. लिनेट अंघोळीला गेली होती. सासरे समोर बसले होते, हातात रिकामा कप. ते म्हणाले, "वेंडेल, उगाच चाललंय हे सगळं."

"कोरडं झालं की होईल नीट."

"ते नव्हे. आग लागली तर मी काही त्या खिडकीतून निघायचो नाही. तुम्ही दोघं निघा. मी बसेन."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, बीट आता काढायला हवं म्हणावं तसं. संकटाच्या विषयावर माझ्याकडे नेहमी उत्तर असतं. धंदाच आहे. त्या वेळी नव्हतं. मला त्यांच्या खिशातला फोन आठवला, आणि मोज्यांतलं पाणी एकदम गार लागलं.

मी म्हटलं, "उद्या ऊन पडेल म्हणतात."

"हं," ते म्हणाले.

हे मी लिनेटला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी क्लिंटला फोन करून त्याला चांगला झापला. म्हणजे आमच्या पद्धतीने. म्हटलं, "घाई काहीच नाही, पण जमलं तर बरं होईल." माझा आवाज कापत होता, एवढं त्याला पुरेसं होतं. तोवर ती खिडकी नगरपालिकेला हवी होती. आता ती मला हवी होती.

क्लिंट यायच्या आत स्कंक आला, म्हणजे घाबरला की शेपटीखालून दुर्गंधी फवारणारं काळं-पांढरं जनावर. विहिरीत पडला, आणि त्याला वर चढता येईना. ड्वेनचा सल्ला असा की एक फळी तिरकी लावून ठेवायची, जनावर आपलं आपण चालत निघून जातं. सल्ला बरोबर होता. फळी मी लावली. फक्त तिचं वरचं टोक अंगणाकडे लागायच्या ऐवजी, माझा पाय घसरल्यामुळे, ताडपत्रीच्या फटीकडे पडलं. जनावर आपलं आपण चालत निघालं आणि माझ्या घरात आलं. तिथे त्याची आणि माझी गाठ पडली. दोघेही घाबरलो. त्याच्याजवळ शस्त्र होतं.

पुढच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. कचेरीत शेतकरी गारपिटीबद्दल विचारायला यायचे ते दारातूनच विचारायचे. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच, आणि पुढचे मागचे बाकही आमचेच. पाद्रीबुवांनी त्या रविवारी परमेश्वराच्या सर्वव्यापी अस्तित्वावर प्रवचन केलं. तीन चार माणसं मागे वळून माझ्याकडे बघून गेली.

अखेर खिडकी बसली. मोठी, सरकती, स्वच्छ काचेची. विहिरीला पत्र्याचं अस्तर, तळाशी खडी, पाणी उपसायचा पंप, चढायला लोखंडी शिडी. शेरिल प्रोखास्का आल्या, त्यांनी मोजपट्टी लावली आणि मान हलवली. खिडकीची खालची कड नियमापेक्षा तीन बोटं वर होती.

"तीन बोटं!" मी म्हटलं. "आगीत माणूस तीन बोटं बघतो का?"

"आगीत माणूस काहीच बघत नाही. म्हणूनच नियम आहे."

यावर तोड नव्हती. क्लिंटने खिडकीखाली पक्की पायरी ठोकली. बाई पुन्हा यायच्या त्या सकाळी लिनेट म्हणाली, "नुसती खिडकी काय कामाची? एकदा बाहेर पडून बघायला हवं. डॅडना जमेल का ते कळेल."

सासरे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. गुडघ्यामुळे ते खाली उतरलेच नव्हते. तिथूनच म्हणाले, "आधी जावई."

मी निघालो. डोकं गेलं, खांदे गेले, एक हात शिडीला पोचला. आणि कमरेचा पट्टा खिडकीच्या कडीत अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पाय आत पायरी शोधत होते, तोंड खडीच्या वर वीतभर. वर ड्वेनचे बूट दिसले.

"वेंडेल," तो म्हणाला, "तू आत चाललायस की बाहेर?"

मागून लिनेटचा आवाज आला, "पोट आत घे!"

"घेतलंय!"

"हे आत घेतलेलं आहे?"

नेमक्या त्याच वेळी शेरिल प्रोखास्का आल्या. आतून त्यांच्या मोजपट्टीचा सरसर आवाज ऐकू आला. माझ्या डावीकडून मापलं, उजवीकडून मापलं, "जरा पाय बाजूला घेता का?" असंही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंजूर. माणूस नियमात बसत नाही, पण खिडकी बसते."

मला ओढून काढलं. पट्टा तिथेच राहिला, आणि विजारीने पट्ट्याला साथ दिली. असो.

दुपारी सासरे आपली खोली बघायला पहिल्यांदा खाली आले. एकेक पायरी, दोन्ही हात कठड्याला. नवा गालिचा, नवी तक्तपोशी, पलंगावर इनेझ यांनी शिवलेली गोधडी. ते पलंगावर बसले आणि खिडकीकडे बघत राहिले. काचेतून पत्र्याची भिंत आणि वर थोडं आभाळ दिसत होतं.

"बरी आहे," ते म्हणाले. मग उठून जिन्याशी गेले, आणि चौथ्या पायरीवर गुडघ्याने राजीनामा दिला. मी मागून ढकलतोय, लिनेट वरून ओढतेय, आणि मध्ये ते तोंडातून आवाज न काढता घामाने भिजताहेत. वर पोचायला इतका वेळ लागला की ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश करपला. धापा टाकत ते म्हणाले, "मी खालीच राहतो. जेवण खाली पाठवत जा. वर यायचं काही काम नाही मला."

लिनेट करपलेलं भांडं हातात घेऊन उभी होती. तिने ते ओट्यावर आदळलं. "मी तुम्हाला इथे पुरायला नाही आणलं, डॅड!"

आमच्या घरात कुणी ओरडत नाही, त्यामुळे ओरडल्यावर काय करायचं असतं ते आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही आमची खोली घ्या. खाली आम्ही झोपू. खिडकी मंजूर झालेली आहे, वाया कशाला घालवायची?"

सासरे नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायला लागणारा दम जिन्यातच संपला होता.

अशी ती खोली माझी झाली. माझी म्हणजे माझीच. तळघरातल्या ओलीने लिनेटचं नाक चोंदायला लागलं, आणि वरून वडिलांची हाक ऐकू येणार नाही याची भीती, म्हणून ती वरच्या शिवणाच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपू लागली. इतकी वर्षं एका पलंगावर झोपलेला माणूस मी. आता "झोपलास का?" विचारायला जिना चढावा लागायचा, आणि तोवर ती झोपलेली असायची.

पानगळ आली. विहिरीत पानं साचली, मग बेडूक आले, मग बेडूक गेले. सासरे वर खुर्चीत बसून आणखी गप्प झाले. लिनेट त्यांच्याकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची, जणू मी आणखी कुठेतरी एक खिडकी पाडू शकलो असतो. मी पडल्या पडल्या तो आभाळाचा तुकडा बघायचो. बहुतेक दिवस तो राखाडीच असायचा. विहिरीच्या तळाशी राहणाऱ्या माणसाला विमा कोण देईल, असले विचार मनात यायचे. मी तरी दिला नसता.

मग बर्फ पडू लागला. खिडकी मोकळी ठेवायला हवी, हाही नियम. रोज कामावरून आलो की फावडं घेऊन मी माझी सुटका खणून काढायचो, आणि रात्रीतून ती पुन्हा बुजायची. ड्वेन दोनदा काहीतरी बोलायला आला आणि माझ्याकडे बघून न बोलता परत गेला. ड्वेनने न बोलणं ही काही बरी खूण नव्हती.

जानेवारीत मोठं वादळ झालं. सकाळी जाग आली तेव्हा खोलीत पिठूर उजेड होता, काच अर्ध्याहून वर पांढरी. उठायची इच्छा नव्हती. शाळा, कचेऱ्या, रस्ते सगळं बंद होतं, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मी गोधडी नाकापर्यंत ओढली.

तेवढ्यात आवाज आला. खर्र. थांबला. पुन्हा खर्र. मला वाटलं ड्वेन. पण ड्वेन काम करताना बोलतो. हा आवाज दम खात होता.

काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बर्फ सरकला आणि उजेडाची एक चकती पडली. मग फावड्याची कड दिसली. मग एक हातमोजा, आणि मग बियाण्याच्या कंपनीची टोपी, तिच्यावरून लिनेटची लोकरी शाल गळ्यापर्यंत गुंडाळलेली.

मी पलंगावरून उडीच मारली आणि खिडकी सरकवली. गुडघाभर बर्फ आत गालिच्यावर आला. "अहो ॲल्विन! काय करताय? पडाल तिथे! लिनेट कुठाय?"

"झोपलीय. कशाला उठवायचं?" त्यांच्या मिशांवर बर्फ जमला होता. ते फावड्याला टेकून धापा टाकत होते. "सरकते का खिडकी?"

"सरकली की."

"पूर्ण सरकव. अर्धी काय कामाची?"

मी पूर्ण सरकवली.

"आता नीघ."

"जिन्याने येतो ना! तुम्ही आधी आत जा, उणे वीस आहे बाहेर!"

"उणे बावीस. नीघ म्हणतो ना. एवढं खणलंय मी."

जिना मोकळा होता. घरात आग नव्हती. मी झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला, बूट घातले, पायरीवर चढलो आणि खिडकीतून अंग बाहेर काढलं. या वेळी पट्टा नव्हता. शिडीच्या दांड्या बर्फाने गुळगुळीत झाल्या होत्या, पाय सटकला. वरून त्यांनी हात खाली केला. आम्ही एकमेकांना हात देणारी माणसं नव्हेत. मी तो धरला. म्हाताऱ्याच्या हातात अजून पोती उचलायची ताकद होती. त्यांनी ओढलं, मी चढलो, आणि आम्ही दोघेही काठावरच्या बर्फात बसलो, ढुंगणावर, लहान मुलांसारखे.

वादळ थांबलं होतं. सगळं अंगण, कुंपण, ड्वेनची गाडी, सगळं एका पांढऱ्या ढिगाखाली गेलं होतं, आणि वर आभाळ निळंभोर होतं, डोळे दुखतील इतकं. खालून दिसायचं त्याहून कितीतरी जास्त.

"इनेझला असली सकाळ आवडायची," सासरे म्हणाले. सासूबाई गेल्यापासून हे नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं.

या वेळी मी हवामानाचा विषय काढला नाही. त्यांच्या शालीवरचा बर्फ झटकला, एवढंच.

मागचं दार धाडकन उघडलं. लिनेट गाऊनमध्ये, अनवाणी, केस पिंजारलेले. "तुम्हा दोघांना अक्कल आहे का? डॅड! वेंडेल! काय चाललंय काय?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "कॉफी टाक."

मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. सावकाश, एकेक पाऊल टाकत आम्ही दाराकडे निघालो. फावडं माझ्या हातात होतं, सवयीने मी ते गॅरेजकडे घेऊन वळलो. त्यांनी माझी बाही धरली.

"ते इथेच दाराशी ठेव. उद्याही पडणार आहे म्हणतात."